बाळ आठ महिन्यांचं झालं तरी पाळी आली नाही, काढा घ्यावा का?

काढा घेऊ नका. आधी लघवीची चाचणी करा.

तुम्ही लिहिलंय की बाळाला अंगावर पाजता, वरचं खाणं सुरू झालंय आणि सासूबाईंनी इतवारीतून पाळी मोकळी करायचा काढा आणून ठेवलाय. पाळी का येत नाही याची काळजी घरात सगळ्यांना आहे. दिवस राहिले असतील का, हे कोणीच विचारलेलं दिसत नाही. नागपुरात बाळंतिणींमध्ये काम करताना माझं भांडण नेमकं याच गोष्टीवरून होतं.

बाळ ओढून पितं तोवर प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध तयार करणारं संप्रेरक, चढं राहतं, मेंदूकडून अंडाशयाला जाणारे इशारे मंदावतात, बीज तयार होत नाही. हा आजार नव्हे. पाजणाऱ्या बाईला वर्षभर, कधी त्याहून जास्त पाळी येत नाही आणि तिच्यात काही बिघाड नसतो. न पाजणारीची बहुधा सहा ते आठ आठवड्यांत येते. तिची तीन महिने आली नाही तर दाखवावं.

पण 'अंगावर पाजते तोवर दिवस राहत नाहीत' हे घरोघरी ठासून सांगितलं जातं, ते अर्धंच खरं आहे. १९८८ साली इटलीतल्या बेलाजिओला तज्ज्ञांनी याच्या अटी ठरवल्या: पाळी आलेली नसावी, बाळ सहा महिन्यांच्या आतलं असावं, आणि ते फक्त अंगावरच्या दुधावर असावं, म्हणजे दिवसा चार आणि रात्री सहा तासांहून जास्त खंड नको. तिन्ही एकाच वेळी पाळल्या तर ९८ टक्के संरक्षण. तुमच्या दोन अटी केव्हाच गेल्या. वरण-भाताची वाटी सुरू झाली, बाळ रात्री सलग झोपायला लागलं, की बीज कधीही सुटू शकतं. आणि ते पहिल्या पाळीच्या आधी सुटतं, साधारण दोन आठवडे. 'पाळी येऊ दे, मग बघू' म्हणणारीला म्हणून पाळी दिसतच नाही. दूध कमी झालं, मळमळतं, पोट फुगलंय, सगळं ॲसिडिटीच्या नावावर जातं आणि सोनोग्राफीत पाच महिने निघतात. मग सगळे तिलाच बोलतात!

चाचणी सकाळच्या पहिल्या लघवीची. आशाताईंकडे 'निश्चय' किट मोफत मिळतं. शेवटच्या संबंधाला तीन आठवडे झाले असतील तर 'नाही' हे उत्तर खरं माना. नसतील तर तेवढे दिवस थांबून पुन्हा करा.

दुकानातून आणलेल्या 'पाळी आणायच्या गोळी'लाही माझा तितकाच विरोध आहे. ती पाच ते दहा दिवस घेऊन थांबवली की आठवडाभरात रक्तस्राव होतो, तोही गर्भाशयात अस्तर असेल तर. पाजणाऱ्या बाईत ते अस्तर वाढवणारं इस्ट्रोजेन संप्रेरक कमी, अस्तर पातळ, त्यामुळे बरेचदा काहीच येत नाही आणि घर दुप्पट घाबरतं. आलंच, तरी चक्र सुरू झालं असा त्याचा अर्थ नाही.

दिवस नसतील आणि पुढचं मूल इतक्यात नको असेल तर तांबी, अंतराचं इंजेक्शन दर तीन महिन्यांनी, किंवा छाया गोळी: पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा. पाजताना तिन्ही चालतात, सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. अंतराने पाळी बंद होऊ शकते आणि छायाने लांबते, हे सासूबाईंना आधीच सांगून ठेवा, नाहीतर काढा परत बाहेर येईल.

आता तुमचा खरा प्रश्न, काही गडबड तर नाही ना. दूध भरपूर आणि तब्येत ठीक असेल तर सहसा नाही. मात्र बाळंतपणात खूप रक्त गेलं होतं, दूध उतरलंच नाही, सतत थकवा, काखेतले केस गळाले, असं असेल तर मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी तपासायला हवी. वार अडकून क्युरेटिंग झालं असेल आणि दर महिन्याला ओटीपोट दुखतं पण स्राव नाही, तर गर्भाशय आत चिकटलं असू शकतं. त्याला दुर्बिणीची तपासणी लागते. थायरॉइडसाठी टीएसएच ही रक्ततपासणी करून घ्या. प्रोलॅक्टिनवर मात्र पैसे घालवू नका, पाजताना ते वाढलेलंच येणार.