कॅशेक्सियाला ‘कुपोषण’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे: कर्करुग्णांसाठीच्या माहितीपत्रकात ‘कॅशेक्सिया’ला, म्हणजे आजारामुळे वजन आणि स्नायू झिजत जाण्याला, ‘कर्करोगजन्य कुपोषण’ म्हटलं तर चालेल का? की ‘क्षय’ बरा?

‘कुपोषण’ नको, असं माझं ठाम मत आहे. कुपोषण म्हटलं की उपाय ठरलेला, खाऊ घाला. कॅशेक्सियात भूक मरते हे खरंच, पण नुसतं खाऊ घालून गेलेलं मांस पूर्ण भरून येत नाही. दाह वाढवणारी द्रव्यं शरीरभर फिरत असतात आणि स्नायूंमधली प्रथिनं बनण्यापेक्षा मोडण्याचा वेग वाढलेला असतो. अशा वेळी ‘कुपोषण’ वाचून घरच्यांना वाटतं, आपणच नीट जेवू घातलं नाही. रुग्णाच्या मागे ‘अजून दोन घास खा’चा लकडा लागतो आणि जेवणाची वेळ भांडणाची होते. एका शब्दापायी हे होऊ नये.

‘क्षय’ अर्थाने चपखल आहे, पण मराठीत तो टीबीने कायमचा अडवला आहे. ‘स्नायुक्षय’ वाचून वेगळेच आजार डोळ्यांपुढे येतात, शिवाय यात चरबीही जाते. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ नुसता ‘वाईट स्थिती’, त्यामुळे तिकडूनही मदत नाही.

आपल्याकडे ‘खंगणे’ आहे की! ‘बारीक झालास’ हे कौतुकही असू शकतं, ‘किती वाळलीस गं’ यात माया असते, ‘रोडावला’ तर कुणीही काळजीने रोडावतो. पण ‘खंगला’ म्हटलं की आत काहीतरी पोखरतंय हे ऐकणाऱ्याला कळतं. त्याची रूपंही कामाची आहेत. २०११च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येत या अवस्थेचे तीन टप्पे आहेत: पूर्वावस्था, प्रत्यक्ष कॅशेक्सिया आणि उपचारांना दाद न देणारी अवस्था. ‘खंगायला लागलाय’, ‘खंगलाय’, ‘पार खंगून गेलाय’ हे आपण बोलतोच.

‘हाडांचा सापळा’ मात्र पत्रकात नको. तो शेवटचा टप्पा आहे, आणि ओळखायचं असतं त्याच्या पुष्कळ आधी. त्याच व्याख्येनुसार सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त वजन आपोआप घटणं पुरेसं आहे, म्हणजे ६० किलोच्या माणसाचं तीन किलोंहून अधिक. अंगाने स्थूल माणूसही आतून खंगत असू शकतो, पोटात पाणी झालं तर काटाही फसवतो.

संशोधनाचं म्हणाल, तर १९८५मध्ये खंगण्याला कारण मानलेलं ‘कॅकेक्टिन’ नावाचं द्रव्य आणि ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर हे दाह वाढवणारं प्रथिन एकच असल्याचं दिसलं, तेव्हा मोठी आशा होती. पण त्या एकाला अडवून रुग्णांचं खंगणं थांबलं नाही. सध्या लक्ष जीडीएफ-१५वर आहे. हे प्रथिन मेंदूच्या मागच्या भागाला संदेश देऊन भूक मारतं. त्याला अडवणाऱ्या पोन्सेग्रोमॅब या औषधाची १८७ रुग्णांवरची चाचणी २०२४मध्ये प्रसिद्ध झाली. सर्वांत मोठा डोस घेणाऱ्यांचं वजन बारा आठवड्यांत प्लासिबोवाल्यांच्या (औषध नसलेला डोस घेणाऱ्यांच्या) तुलनेत सुमारे २.८ किलोंनी वाढलं. जपानने २०२१मध्ये भूक वाढवणाऱ्या अ‍ॅनामोरेलिन या औषधाला मंजुरी दिली आहे.

तेव्हा पत्रकात ‘कॅशेक्सिया’ एकदाच द्या, पुढे सरळ ‘कर्करोगातलं खंगणं’ लिहा. पहिलं वाक्य असं करता येईल: ‘कर्करोगात रुग्ण खंगतो तो केवळ कमी खाल्ल्याने नव्हे, वजन उतरू लागताच डॉक्टरांना सांगा.’