दाब मोजायला सुरुवात करताना

आपण पाणीपुरवठ्याच्या वितरण विभागात नवीन आहात, म्हणून सर्वप्रथम सांगतो: दाबाच्या सरासरीवर विसंबू नका. जलवाहिनी अनेकदा दाबाच्या चढउताराने, विशेषतः झडप किंवा पंप अचानक बंद झाल्यावर उठणाऱ्या जलाघाताने थकते आणि फुटते. पोलादी किंवा बिडाच्या नळातील प्रवाहाचा वेग सेकंदाला १ मीटरने एकाएकी घटला, तर दाब सुमारे १०० मीटर पाण्याच्या उंचीइतका, म्हणजे जवळपास १० बार, वाढू शकतो. ही लाट काही सेकंदांत ओसरते. त्यामुळे दर १५ मिनिटांनी एक नोंद घेणाऱ्या लॉगरला ती बहुधा दिसतच नाही. पंपगृहाजवळ आणि मोठ्या झडपांपाशी तरी सेकंदाला अनेक नोंदी घेणारे उपकरण लावावे, असा माझा आग्रह आहे.

कोल्हापुरात टेंबलाई टेकडीचा उंच परिसर आणि पंचगंगेकाठचा सखल भाग यांचा दाब एकाच मापाने जोखता येत नाही, कारण उंचीतील दर १० मीटरच्या फरकाने स्थिर दाब (पाणी वाहत नसतानाचा दाब) सुमारे १ बारने बदलतो. म्हणून शहरातील पुरवठ्याच्या प्रत्येक भागात सर्वांत उंच आणि सर्वांत सखल ठिकाणी मापक हवा.

जिथे पाणी ठरावीक वेळीच सोडले जाते, तिथे नळ भरण्याचा काळ सर्वाधिक जोखमीचा असतो. आत कोंडलेली हवा निघेपर्यंत झडप सावकाश उघडायला चावीवाल्यांना सांगा, हवा-झडपा तपासा आणि चावीवाल्यांनी सांगितलेली झडप उघडण्या-मिटण्याची प्रत्येक वेळ दाबाच्या आलेखावर लिहून ठेवा.