जुना मधुमेह आणि दोन घासांतच भरणारं पोट

वडिलांना 20 वर्षांपासून मधुमेह आहे आणि हल्ली दोन घासांतच पोट गच्च होतं, असं तुम्ही लिहिलंय. साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की जठराला चालना देणारी व्हेगस नस दुखावते. मग जठराचे स्नायू अन्न घुसळून पुढे ढकलायला मंदावतात. रात्रीची भाजी सकाळी उलटीत तशीच दिसते. याला गॅस्ट्रोपॅरेसिस म्हणतात. ते इन्शुलिन घेत असतील तर मला त्याची जास्त काळजी वाटते. इंजेक्शनचं काम सुरू होतं, अन्न मात्र जठरातच, म्हणून जेवूनही साखर उतरते. डोस स्वतःहून बदलू नका, डॉक्टरांना हे नक्की सांगा. आधी एंडोस्कोपीने (तोंडातून कॅमेऱ्याची बारीक नळी घालून) जठराच्या वाटेत अडथळा नाही ना ते बघतात, मग जठर किती वेळात रिकामं होतं याची 4 तासांची तपासणी. तोवर थोडं थोडं, मऊ, कमी तेलातुपाचं जेवण द्या.