तुमचे प्रश्न : गप्प झालेला कीबोर्ड

प्रश्न : ताई, माझ्या मुलीचा लहानपणचा, सेलवर चालणारा छोटा कीबोर्ड मी उघडलाय. सर्किट बेंडिंगबद्दल, म्हणजे खेळण्याच्या सर्किटमधले बिंदू जोडून नवे आवाज काढण्याबद्दल, ऐकलं होतं, म्हणून वायरच्या तुकड्याने बोर्डावरचे दोन-दोन बिंदू जोडून बघतो. मधूनच फार विलक्षण आवाज येतो, पण लगेच कीबोर्ड गप्प होतो, कुठलंही बटण चालत नाही. शिवाय काल सापडलेला एक सुंदर आवाज आज सापडेना. इलेक्ट्रॉनिक्स मी शिकलेलो नाही. कीबोर्ड बिघडला का?

उत्तर : बहुतेक नाही. सेल काढा, अर्धा मिनिट थांबा आणि परत घाला. काही झालंच नाही अशा थाटात तो वाजू लागेल. आतली चिप मेमरीतून सतत आकडे वाचत असते : कुठला सूर, किती वेळ, कुठला ठेका. तुम्ही दोन ट्रॅक, म्हणजे बोर्डावरच्या वीज वाहणाऱ्या रेषा, जोडले की तिच्या वाचनात भेसळ होते. भेसळ सुराच्या आकड्यात झाली तर तुम्हाला तो विलक्षण आवाज मिळतो. ती ‘पुढे काय करायचं’ या सूचनेत झाली, तर चिप भलत्याच जागी जाऊन अडकते आणि बटणांकडे बघतच नाही. वीज तुटल्याशिवाय ती तिथून सुटत नाही. अर्धा मिनिट अशासाठी, की बोर्डावरच्या कपॅसिटरमध्ये थोडी वीज साठलेली असते, ती उतरावी लागते.

म्हणून मी उघडलेल्या प्रत्येक वाद्यात पहिलं काम एकच करते. सेलकडून येणाऱ्या लाल वायरीत एक पुश बटण घालते, एरवी जोडलेलं राहणारं आणि दाबलं की तोडणारं. चिप अडकली की ते काही सेकंद, गरज पडली तर अर्धा मिनिट, दाबून धरायचं. हे बटण बसलं की शोधण्याची भीती निघून जाते.

कालचा आवाज हरवला याचं मात्र मला वाईट वाटलं. इथे कान जितका हवा तितकीच वही हवी. बोर्डाचा फोटो काढून मोठा छापा, त्यावर प्रत्येक टाक्याला, म्हणजे सोल्डरच्या चकचकीत ठिपक्याला, पेनाने नंबर द्या. वायरचं एक टोक एका बिंदूवर क्रोकोडाइल क्लिपने पक्कं करा आणि दुसरं टोक बाकीच्या बिंदूंवरून एकेक करत फिरवा. सगळे झाले की पहिलं टोक पुढच्या बिंदूवर न्या. माझ्या वहीत अशा नोंदी असतात : ‘१४-३१, बासरीचा आवाज, ठेका चालू : सूर फाटतो, सोडल्यावरही फाटलेलाच राहतो.’ कुठला आवाज निवडलेला होता आणि ठेका चालू होता की बंद, हे लिहिलं नाही तर तीच जोडी दुसऱ्या दिवशी वेगळंच वाजते. तुमचं बहुधा हेच झालंय. कालची बटणं आठवून पाहा, आवाज परत मिळेल.

बिंदूंवरून वायर फिरवण्याआधी एक गोष्ट कराच. मल्टिमीटरचं, म्हणजे व्होल्ट मोजायच्या यंत्राचं, काळं टोक सेलच्या ऋण बाजूला लावा आणि लाल टोकाने बोर्ड तपासा. जिथे सेलचा पूर्ण दाब दिसतो, म्हणजे चार सेल असतील तर सहा व्होल्टच्या आसपास, त्या जागेवर फोटोत लाल फुली मारा. सेलची ऋण बाजू जिथे जिथे पोचते तिथेही मारा. फुलीच्या जागा कुणालाच जोडायच्या नाहीत. चिप मरते ती बहुतेक तिथे. जोडताना दिवा मंद झाला, स्पीकरने मोठा ‘धप’ आवाज केला किंवा चिप बोटाला गरम लागली, तर हात तत्काळ उचला.

आता मला सगळ्यात आवडणारी जागा. जुन्या, स्वस्त कीबोर्डात चिपचा वेग ठरवणारा एक रेझिस्टर, म्हणजे विजेला रोध करणारा छोटा भाग, असतो. माझ्या पहिल्या कीबोर्डात तो ४७० किलोओहमचा होता. त्यावरचे रंगाचे पट्टे पिवळा, जांभळा, पिवळा. एक कळ दाबून धरली होती आणि ओल्या बोटाने त्याच्या दोन्ही पायांना स्पर्श केला. सूर सरसर वर चढला. बोट जोरात दाबलं की आणखी वर, सैल केलं की खाली, जणू मींड घेतेय. कारण साधं आहे. बोटाचाही रोध असतो आणि तो समांतर जोडला जातो. बोटाचा रोधही ४७० किलोओहम धरला तर एकूण रोध निम्मा होतो, वेग साधारण दुप्पट होतो आणि मध्य सप्तकातला सा थेट तार सप्तकात जातो. तुमच्या बोर्डावर अशी जागा शोधायची तर ओलं बोट एकेका रेझिस्टरवर ठेवत जा. सापडल्यावर तो रेझिस्टर काढून तिथे पोटेन्शिओमीटर बसवा, म्हणजे रेडिओचा आवाज लहानमोठा करायला फिरवतो तो भाग. त्याच्याबरोबर ओळीत एक छोटा रेझिस्टर ठेवायला विसरू नका. नाहीतर पोटेन्शिओमीटर एका टोकाला गेला की वेग चिपला झेपत नाही आणि ती पुन्हा अडकते.

शिकलेलो नाही म्हणून मागे सरू नका. ‘सर्किट बेंडिंग’ हे नाव १९९२ मध्ये रूढ करणारे अमेरिकेतले रीड गझाला यांची सुरुवात १९६० च्या दशकात, शाळकरी वयात झाली. सेलवरचा एक उघडा छोटा अँप्लिफायर टेबलाच्या खणात चालू राहिला, खणातल्या धातूला त्याचं सर्किट टेकलं आणि खणातून कधी न ऐकलेले आवाज यायला लागले. त्या आवाजांमागे जाण्याची ओढ ही त्यांची शिदोरी होती.

प्रश्न : माझ्या नव्या कीबोर्डात सूर बदलणारा रेझिस्टर कुठेच सापडत नाही. सेल संपतात म्हणून मी अॅडॉप्टर लावून शोधतोय.

उत्तर : आधी अॅडॉप्टर काढा. उघड्या बोर्डावर हात फिरवायचा तर वीज फक्त सेलची. अॅडॉप्टरमध्ये आत दोष असेल तर घरची वीज थेट तुमच्या बोटापर्यंत येऊ शकते. याच कारणाने, बोटाने वाजवायच्या जागा बाहेर काढलेलं वाद्य घरच्या विजेवरच्या मोठ्या अँप्लिफायरलाही जोडू नका, सेलवरचा छोटा वापरा.

रेझिस्टर सापडत नाही, कारण नव्या कीबोर्डांत वेग बहुधा क्रिस्टल, म्हणजे ठरलेल्या वेगानेच कंप पावणारा छोटा भाग, ठरवतो, आणि तो बोटाला दाद देत नाही. त्याच्या जागी एलटीसी १७९९ ही छोटी ऑसिलेटर चिप, म्हणजे वेगाचे ठोके देणारी चिप, बसवतात. एक किलोहर्ट्झपासून ३३ मेगाहर्ट्झपर्यंत ती पोटेन्शिओमीटरने फिरवता येते. पण तिला साडेपाच व्होल्टच्या वर चालत नाही आणि चार नवे सेल सहाच्याही वर देतात, तेव्हा मध्ये दाब पाच व्होल्टवर धरून ठेवणारा रेग्युलेटर हवाच.

प्रश्न : वडिलांनी आणलेलं १९७८ चं ‘स्पीक अँड स्पेल’ आमच्याकडे चालू स्थितीत आहे. बेंडिंगला ते उत्तम असं ऐकलं. उघडू का?

उत्तर : उघडू नका. बोलणारं ते खेळणं बेंडिंग करणाऱ्यांचं लाडकं आहे हे खरं, आणि त्याचं अडखळतं, तुटक बोलणं मलाही फार आवडतं. पण चालू स्थितीतली खेळणी दरवर्षी कमी होताहेत आणि आपल्या पहिल्या दोन-तीन बोर्डांवर हात चुकतोच. टाकून दिलेलं, बटण तुटलेलं, कुणाला नको असलेलं बोलकं खेळणं आणा आणि त्यावर वही भरा. वडिलांच्या खेळण्याचे जुने सेल मात्र आजच काढून ठेवा. ते गळले तर सेलच्या कप्प्यातल्या धातूच्या पट्ट्या खातात.