ऐकायला लागले आणि शंकाच वाढल्या

"मॅडम, ऐकान विश्वास येता म्हणतत ना? मग माझो ऐकान गेलो कसो?"

वेंगुर्ल्याकडच्या एका ताईंचा हा प्रश्न. ऐकण्याने विश्वास होतो हे बायबलमधलं वचन, मग ऐकूनच माझा विश्वास कसा गेला, असं त्या विचारत होत्या. वय पंचेचाळिशीचं, कॅथलिक घर, काजूच्या कारखान्यात कटिंगला जातात. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. लिहायला त्यांची परवानगी आहे. ख्रिस्ती कुटुंबांसोबत समुपदेशक म्हणून काम करताना हीच काळजी मी वेगवेगळ्या तोंडून ऐकते. कुणी यूट्यूबवर ऐकतं, कुणी व्हॉट्सॲपवर आलेल्या ऑडिओ फाइल्स. ईशज्ञान, म्हणजे धर्मश्रद्धेचा अभ्यास, शिकावं, कुणी विचारलं तर आपल्या विश्वासाबद्दल नीट उत्तर देता यावं, या चांगल्या हेतूने सुरुवात होते. आणि काही महिन्यांनी माणूस घाबरून येतो, की आधी नव्हत्या त्या शंका आता डोक्यात बसल्या आहेत.

ताईंच्या भाच्याने मुंबईहून एक अख्खी व्याख्यानमाला मोबाईलमध्ये भरून दिली होती. त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव), येशूचं पुनरुत्थान, बायबल कसं जमलं, जगात दुःख का, असे विषय. त्या कामावर एका कानात इयरफोन घालून ऐकायच्या.

आधी मी झोप, जेवण, कामातलं लक्ष यांची चौकशी केली. एकच शंका दिवसभर नको असताना पुन्हापुन्हा मनात घुसते का, ती घालवायला ठरावीक प्रार्थना मोजून म्हणावी लागते का, हेही विचारलं. तसं असतं तर मी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं, कारण तो त्रास वेगळा असतो आणि त्याला उपचार आहेत. ताईंचं तसं नव्हतं. झोप ठीक होती, प्रार्थनेला बसलं की प्रश्न यायचे, एवढंच.

मग मी म्हटलं, "ताई, जिथे अडलात ते आत्ता इथे लावा."

त्यांनी लावलं. वक्ता सांगत होता, काही लोक म्हणतात की येशू देव आहे हे इ.स. ३२५ मध्ये नायसिया इथल्या बिशपांच्या परिषदेत मतदानाने ठरलं. तिथे मी थांबवलं आणि विचारलं, काय म्हणाले ते? ताईंनी आक्षेप असा नेमका सांगितला की वक्त्यापेक्षा स्पष्ट. "म्हणजे त्याच्या आदी कोणच मानी नव्हते?" हेही त्यांनीच जोडलं. पुढे उत्तर होतं. ते पूर्ण वाजू दिलं आणि पुन्हा विचारलं. ताई गप्प. उत्तरात ओळीने नावं, सनावळ्या आणि तीन मुद्दे एका दमात येऊन गेले होते.

मी विचारलं, "कारखान्यात असं झालं की मागे जाऊन ऐकता का?"

त्यांनी हात पुढे केले. काजूच्या टरफलातलं तेल कातडी भाजतं, म्हणून हाताला राख नाहीतर तेल चोळून बसायचं. त्या हातांनी मोबाईलला शिवता येत नाही. जे वाजतं ते वाजत राहतं. बोटांच्या पेरांवर काळे डाग होते आणि अंगठ्याची कातडी सोलवटलेली.

मला वाटतं, या काळजीचं बरंचसं मूळ इथेच आहे. चांगला शिक्षक आक्षेप आधी आणि जोरकसपणे मांडतो. तेराव्या शतकात थॉमस अक्विनास या ख्रिस्ती विचारवंताने हेच केलं: आधी विरोधातले मुद्दे, मग आपलं उत्तर, मग एकेका मुद्द्याचा समाचार. पण कागदावर ते सगळं डोळ्यांसमोर असतं, मागे-पुढे जाता येतं. कानाने ऐकताना आक्षेप छोटा आणि धारदार असतो, तो लगेच रुततो. उत्तर लांब असतं, इतिहास सांगत जातं, आणि तेवढ्यात मुकादम हाक मारतो. महिनाभर असं ऐकलं तर डोक्यात प्रश्न पूर्ण आणि उत्तरं अर्धी जमतात. याला विश्वास उडाला असं मी म्हणणार नाही. शिकणं मध्येच तुटलंय.

त्या दिवशी आम्ही तेच उत्तर तुकड्यातुकड्याने ऐकलं. अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू आरियस शिकवत होता की पुत्र, म्हणजे येशू, हा देवाने निर्माण केलेला आहे. परिषदेतला वाद या शिकवणीवर होता. येशूची आराधना तर कितीतरी आधीपासून चालू होती. बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्रात, म्हणजे पहिल्या शतकातच, ख्रिस्त देवाच्या स्वरूपाचा असल्याचं म्हटलंय. इ.स. ११२ च्या सुमारास रोमन सुभेदार प्लिनीने सम्राट त्रायानला कळवलं की ही माणसं पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात. तो स्वतः ख्रिस्ती नव्हता, उलट त्यांची चौकशी करत होता. एकेक मुद्दा झाला की ताई तो मालवणीत मला सांगायच्या. प्लिनीपाशी त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "दुष्मानान सांगल्यान तर खराच असतला."

प्रत्येक प्रश्न इतका सरळ सुटत नाही, हेही मी त्यांना सांगितलं. मी समुपदेशक आहे, ईशज्ञानाची अभ्यासक नाही. म्हणून उरलेले प्रश्न वहीत लिहून फादरांकडे न्यायचं ठरलं. त्यांना संकोच होता, "फादर काय म्हणतले?" मी बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकातला इथिओपियाचा दरबारी आठवून दिला. रथात बसून यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचत होता, आणि येशूचा प्रचारक फिलिप्प याने समजतंय का विचारल्यावर सरळ म्हणाला की कुणी सांगितल्याशिवाय कसं समजणार. त्याला कुणी अविश्वासू म्हटलं नाही, त्याच वाटेवर त्याचा बाप्तिस्मा झाला. आणि ऐकण्याने विश्वास होतो असं लिहिणाऱ्या पौलाची पत्रं ख्रिस्ती लोकांच्या मंडळीत मोठ्याने वाचली जायची. ऐकणारे एकत्र बसलेले असायचे, शेजारच्याला विचारता यायचं. एका कानातल्या इयरफोनला ते कसं विचारणार?

एक रेकॉर्डिंग मात्र वेगळं निघालं. 'दुःख का' या भागात वक्ता सांगत होता की देवाने माणसाला खरं स्वातंत्र्य दिलं, म्हणून वाईट घडणं शक्य झालं. ताई म्हणाल्या, उत्तर समजलं, पण पटत नाही आणि न पटल्याची भीती वाटते. बोलता बोलता कळलं, धाकटी बहीण कर्करोगाने गेली होती. तिच्यासाठी घरात रोज रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, झाली होती.

हा युक्तिवाद मी चुकीचा म्हणत नाही. चांगला देव आणि वाईट जग या दोन गोष्टी एकत्र असूच शकत नाहीत, या आरोपाला तो उत्तर देतो. अल्विन प्लांटिंगा या तत्त्वज्ञाने १९७० च्या दशकात तो फार काटेकोर मांडला. पण तो बहिणीच्या मरणाचं कारण सांगत नाही, आणि सांत्वन हे त्याचं कामच नव्हे. रडणाऱ्या बाईने त्याने शांत व्हावं अशी अपेक्षा धरली तर ती स्वतःलाच दोषी ठरवते. बायबलमध्ये सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट बसले तोवर बरोबर होते. कारणं सांगायला लागले तेव्हा चुकले. मी ताईंना ८८ वं स्तोत्र वाचायला दिलं. ते अंधारातच संपतं, तरीही देवाशी बोलणं सोडत नाही. "ह्या बायबलात आसा?" त्यांनी विचारलं आणि पुन्हा वाचलं.

त्यानंतरच्या भेटींमध्ये आम्ही व्याख्यानांबद्दल फारसं बोललो नाही, बहिणीबद्दल बोललो.

आता कामावर त्या गाणी आणि बायबलवाचन ऐकतात. व्याख्यान घरी, हात धुऊन, एका वेळी एकाच प्रश्नापुरतं. मग ते जावेला सांगायचं. जाऊ उलट प्रश्न विचारते, त्यामुळे कुठे कच्चं राहिलंय ते लगेच कळतं. वही फादरांकडे गेली. दोन प्रश्नांची उत्तरं त्यांनी तिथेच दिली, तिसऱ्यासाठी आठवडाभराचा वेळ मागून घेतला. भाच्याने पुढची मालिका पाठवू का विचारलं, तेव्हा ताईंनी त्याला आधी हीच पुरी होऊ दे म्हणून सांगितलं.