रिसाईझ अर्धवट राहिलं? एफएससीके थांबवा, आधी डिस्कची प्रत काढा

प्रश्न थोडक्यात असा: सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतलं टॉवेलचं युनिट, ऑफिसात उबुंटूचा पीसी, एक टीबीची हार्डडिस्क. विंडोजसाठी जागा काढायला जीपार्टेड या पार्टिशन बदलायच्या प्रोग्रॅममधून ईएक्सटी४ (लिनक्सची नेहमीची फाइलसिस्टीम, म्हणजे फाइली मांडायची पद्धत) पार्टिशन लहान करायला लावलं आणि मध्येच लाईट गेली. यूपीएसची बॅटरी आधीच बसलेली. आता पार्टिशन माउंट होत नाही, म्हणजे उघडतच नाही, आणि दुकानदार म्हणतो, ‘एफएससीकेला सगळीकडे वाय द्या, होऊन जाईल.’

मालक, ते ‘वाय’, म्हणजे दुरुस्तीच्या प्रत्येक प्रश्नाला ‘हो’, आत्ता नको. एफएससीके हा तपासणी-दुरुस्तीचा प्रोग्रॅम फाइलसिस्टीमचा हिशेब जुळवतो. तुमच्या फाइली वाचवणं हे त्याचं कामच नाही. जिथे हिशेब बसत नाही तिथली नोंद तो खोडतो, आणि अर्धवट हललेल्या पार्टिशनवर अशा जागा हजारोंनी निघू शकतात. शेवटी ‘क्लीन’ असं येतं, डिस्क माउंटही होते, आणि फोल्डर उघडला की निम्मं गायब.

जर्नल (बदल आधी टिपून ठेवायची वही) असूनही असं कसं, हे विचारलंय तुम्ही. जर्नल कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, हातात असतं, पार्टिशन माउंट असताना. ईएक्सटी४ लहान करायचं तर ते अनमाउंट करावंच लागतं, आणि तेव्हा जीपार्टेडच्या मागे चालणारं रिसाईझ२एफएस थेट डिस्कवर लिहितं. वाढवताना चालू पार्टिशनवरही जमतं, धोका खूपच कमी. लहान करणं हा वेगळा मामला.

लाईट गेली तेव्हा पडद्यावर शेवटची ओळ काय होती? मोबाईलवर फोटो असेल तर शोधाच. जीपार्टेडच्या तपशिलात ‘पास’चा, म्हणजे टप्प्याचा, आकडा दिसतो. पास २ मध्ये ब्लॉक मोकळ्या जागेत कॉपी होत असतात. जुना डेटा जागेवर असतो आणि नोंदीही जुन्याच जागा दाखवतात. तिथेच थांबलं असेल तर बरंच वाचतं. पास ३ पासून मात्र नोंदी बदलायला लागतात: आधी आयनोड (फाइल डिस्कवर कुठे आहे ती नोंद), मग पास ४ मध्ये फोल्डरमधले त्यांचे क्रमांक. गोदाम बदलताना गठ्ठे हलले, पण रजिस्टर निम्मंच लिहून झालं, तशी गत. मग फाइल असते, पण नाव भलत्याच आयनोडकडे बोट दाखवतं. अशाच फाइली पुढे लॉस्ट+फाउंड फोल्डरमध्ये नुसत्या नंबराच्या नावाने सापडतात.

आता कामाचं. तो पीसी त्याच डिस्कवरून चालू करू नका. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावा, लाइव्ह यूएसबीवरून बूट करा आणि ऑटोमाउंट बंद ठेवा. नुसतं रीड-ओन्ली माउंट केलं तरी ईएक्सटी४ जर्नल रीप्ले करतं, म्हणजे डिस्कवर लिहितं. ते टाळायला माउंट करताना ‘नोलोड’ हा पर्यायही द्यावा लागतो. एसएसडी असती तर आणखी एक भीती होती: उबुंटू आठवड्याला एफएसट्रिम (मोकळे ब्लॉक एसएसडीला कळवणारी आज्ञा) चालवतं, आणि चुकीच्या नकाशाने ‘मोकळे’ ठरलेले ब्लॉक त्यात कायमचे जातात.

मग डीडीरेस्क्यू या प्रत काढणाऱ्या प्रोग्रॅमने अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, दुसऱ्या, मोठ्या डिस्कवर घ्या. मॅप फाइल (कुठवर झालं त्याची नोंद) नक्की द्या, म्हणजे पुन्हा लाईट गेली तरी तिथूनच पुढे चालू होतं. सेकंदाला १०० एमबीचा वेग मिळाला तर एक टीबीला पावणेतीन-तीन तास. जुन्या डिस्कला जास्तच. सोलापूरच्या मे महिन्यात हे काम दुपारी करू नका. रात्री लावा, डिस्कवर टेबलफॅन सोडा, आणि आधी चांगली बॅटरी असलेला यूपीएस कुणाकडून तरी मागून आणा.

इमेजचीही आणखी एक प्रत करा आणि सगळे प्रयोग त्या प्रतीवर. आधी एफएससीके ‘एन’ पर्यायाने, म्हणजे नुसतं वाचून, काही न बदलता. तक्रारींची यादी फाइलमध्ये साठवा. मूळ सुपरब्लॉक (फाइलसिस्टीमची मुख्य नोंद) बिघडलेला असेल तर ४ केबी ब्लॉकच्या फाइलसिस्टीमवर पहिली राखीव प्रत सहसा ३२७६८ व्या ब्लॉकवर असते, पुढची ९८३०४ वर. त्या देऊन पाहा. जिच्याने तक्रारी कमी येतात ती धरा. पार्टिशन टेबलला हात लावू नका. जीपार्टेड आधी फाइलसिस्टीम लहान करतं आणि मगच पार्टिशन, तेव्हा तिथे बहुधा अजून जुनाच आकार आहे.

दुरुस्ती झाल्यावरही फाइली उघडून पाहा. ईएक्सटी४मध्ये चेकसम (बिघाड ओळखायचे पडताळणी आकडे) असलेच तर नोंदींचे असतात, फाइलच्या आतल्या मजकुराचे नसतात. आतला कचरा एफएससीकेला दिसत नाही. जेकार्डच्या, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाच्या, बीएमपी डिझाईनला हे विशेष लागू. साइझ बरोबर, थंबनेलही बरोबर, आणि खालच्या अर्ध्यात दुसऱ्याच फाइलचे पट्टे. तसं डिझाईन मागावर गेलं तर सूत वाया.

डिझाईनचं म्हणाल तर मागाच्या कंट्रोलरला लावायचे पेनड्राईव्ह आधी गोळा करा. गेल्या दोन-तीन वर्षांतला बराच माल त्यांच्यावरच सापडेल, ड्रॉवरमध्ये पडलेल्या जुन्यांवरसुद्धा. ज्यांच्याकडून ग्राफ (विणायच्या नक्षीचा आराखडा) करून घेता त्यांनाही विचारा. हरवलेल्या फाइली डिस्कवरून वेचणाऱ्या फोटोरेकचा नंबर सगळ्यात शेवटी: बीएमपी तो ओळखतो, पण नावं जातात, आणि दीडदोन हजार नंबरी फाइलींतून गुलाबाची बॉर्डर शोधायला माणूस बसवावा लागतो.

शेवटचा पास कोणता होता आणि ‘एन’च्या यादीतल्या पहिल्या वीसेक ओळी, एवढं टाका. पुढचं त्यावर ठरवू.