दाणे पारव्यांनाच का मिळतात?

प्रश्न : परसात रोज ज्वारी-तांदूळ टाकते, पण पारवेच येऊन फस्त करतात. चिमण्या, बुलबुल यावेत म्हणून काय करू? उरलेलं फरसाण, पोळी घातली तर चालेल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, जमिनीवर धान्य पसरणं आधी थांबवा. पारव्यांना तेच हवं असतं. नारळाची करवंटी दोरीने टांगून तिच्यात मूठभर राळे किंवा बाजरी ठेवा. झुलत्या करवंटीवर पारव्याला नीट बसता येत नाही, चिमणी आरामात बसते. फरसाण मात्र अजिबात नको. त्यातलं मीठ पाखरांना बाधतं. शिळ्या पोळीने नुसतं पोट भरतं, पोषण फारसं होत नाही.

बुलबुल दाण्यांपेक्षा फळांवर आणि किड्यांवर जगतो. त्याला पिकल्या पपईची फोड ठेवा. माझ्या वाईच्या परसात कढीपत्त्याला काळी फळं धरली की बुलबुलांची जोडी आणि कोकिळा हटकून येतात. मला तर दाण्यांपेक्षा अशी झाडंच जास्त मोलाची वाटतात. जास्वंद लावलीत तर फुलांतला मध पिणारा चिमुकला शिंजीर पक्षीही येईल.

आणि झाडांवर कीटकनाशक फवारू नका, ही माझी कळकळीची विनंती. चिमणी स्वतः दाणे खाते, पण पिल्लांना अळ्या आणि किडेच भरवते. अळ्या नसतील तर तुमच्या बाजरीने तिची पिल्लं जगायची नाहीत.

पाण्यासाठी मातीची उथळ परात घ्या, दोन इंचांहून खोल नको. पाणी रोज बदला, परात काथ्याने घासा. घाणेरड्या भांड्यातून पाखरांमध्ये रोग पसरतात. परात मोकळ्यावर, पण झुडपापासून जरा लांब ठेवा, म्हणजे मांजर दबा धरून बसणार नाही.